कारल्याच्या मांडवाची गाठ

“हात नका लावू कोनी. मी येऊन राहिलो.”

भगवंतचं हे वाक्य आमच्या गावातल्या प्रत्येक घराने ऐकलेलं आहे, आणि ज्या दिवशी ऐकलं त्या दिवशी त्या घरात कोणीतरी जमिनीवर निजवलेलं होतं. कोणाच्या घरून रडण्याचा आवाज आला की तो हातातली कामं तिथंच टाकायचा. वांग्याचं कॅरेट अर्धं भरलेलं असो, मोटर चालू असो, ताट पुढ्यात असो. बांधावरूनच तो ओरडून सांगायचा, आणि मग त्याची लांब टांग टाकणारी चाल गल्लीत दिसायची. ती दिसली की रडणाऱ्या बाया जराशा थांबायच्या. आता करणारा माणूस आला, हे त्यांना कळायचं.

आमचं गाव पातूरच्या अलीकडे, नाल्याच्या काठाने पसरलेलं. जमीन काळी, विहिरींना पाणी बरं, म्हणून भाजीपाला आणि फुलं पिकवणारी घरं जास्त. भगवंतचं घर त्यातलंच. वडिलोपार्जित तुकड्यात तो झेंडू, शेवंती, कारली, दोडकी काढायचा. कारल्याचा मांडव त्याच्यासारखा कोणाला उभा करता आला नाही. त्याची एक गाठ होती. वेल कोवळा असताना ती सैल दिसायची, हलवली तर हलायचीही. पण जसजसा फळांचा भार पडेल तसतशी ती आवळत जायची. वादळात शेजाऱ्यांचे मांडव आडवे व्हायचे आणि त्याचा उभा असायचा.

ही गाठ तिरडीपर्यंत गेली ती त्याच्या बापाच्या मरणात. तिरडीला आमच्याकडे ताटी म्हणतात. तेव्हा गावात ताटी बांधणारा एकच म्हातारा होता आणि त्या दिवशी तो पिऊन आला होता. बांबू डुगडुगत होते. भगवंत नुकतंच मिसरूड फुटलेला. सगळ्यांनी बापाला उचलायला हात घातला तेव्हा तो म्हणाला, हात नका लावू कोणी. त्याने बापाला पुन्हा खाली निजवलं, ताटी सोडली आणि आपल्या मांडवाच्या गाठीने पुन्हा बांधली. बाप स्मशानात गेला तो झोळीत निजल्यासारखा, जरासुद्धा न हलता. तेव्हापासून हे काम त्याचं झालं. कोणी दिलं नाही, त्याने मागितलं नाही.

तो नुसती ताटी बांधून थांबत नसे. ज्या अंगाला पोटची मुलं शिवायला कचरायची ते अंग तो धुवायचा. तोंड उघडं राहिलं असेल तर हनुवटीखालून फडकं बांधून ते मिटवायचा, आणि मिटवताना हळू आवाजात त्या माणसाशी बोलायचा. फुलं स्वतःच्या शेतातली न्यायचा. परतल्यावर तो अंगणातच बसायचा. बायको पार्बताबाई वरून पाण्याच्या बादल्या ओतायची आणि कडुलिंबाचा पाला चावायला द्यायची. पुढं पुढं तिने ओतणं बंद केलं. बादली भरून अंगणात ठेवायची आणि आत निघून जायची. एकदा ती म्हणाली की तुमच्या अंगाला आता मयतीशिवाय दुसरा वास येतच नाही. भगवंतने हात नाकाशी नेऊन पाहिले. त्याला झेंडूचा वास आला.

गाव ज्याच्या हातून आपले लोक पोचवतं, त्याला सोडत नाही आणि जवळही करत नाही. बसस्टँडवरच्या हॉटेलात भगवंत चहाला शिरला की बाकावरची पोरं विचारायची, “कोन गेलं, भगवंतभाऊ?” कोणी गेलेलं नसायचं. माणसाला चहाची तलप येऊ शकते हे गाव विसरून गेलं होतं. एका म्हाताऱ्याची बाज ओट्यावर असायची. भगवंत समोरून गेला की तो ओरडायचा, “पुढच्या घरी पाह्य रे, भगवंता. मी अजून चहा घेऊन राहिलो.”

“घ्या, मामा,” भगवंत म्हणायचा. “साखर जास्त टाकून घ्या.”

तो हसायचा. त्याच्या हसण्यामुळे लोकांना वाटलं की याला लागत नाही, आणि लागत नाही म्हणून लोक आणखी बोलले. त्या म्हाताऱ्यालाही शेवटी भगवंतनेच धुतलं.

घरासाठी तो बैलासारखा राबला. मुलगा मनोज, त्याला पातूरला हारफुलांचं दुकान काढून दिलं. सून करिश्मा आली, नात प्रतीक्षा झाली. त्याची सासू आजारी पडली तेव्हा अकोल्याच्या दवाखान्यात हाच तिच्या पायथ्याशी निजला, पार्बताबाईचे भाऊ नाही. पण मनोजच्या दुकानात एक रीत पडली होती. बाप शेतातून फुलं आणायचा आणि मनोज त्यांचे दोन ढीग करायचा. लग्नाच्या, वाढदिवसाच्या हारांचा ढीग आतल्या बाजूला, मयतीच्या हारांचा दाराशी. बापाने आतल्या ढिगाला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक पाहतं, मनोज म्हणायचा. जी झाडं भगवंतने लावली, शिंपली, खुडली, त्यांच्याच फुलांचा नवरदेवाचा हार ओवायला त्याला मनाई होती.

त्याने कधी वाद घातला नाही. त्याला फक्त एक गोष्ट हवी होती. प्रतीक्षा जन्मली त्या वर्षी त्याने विहिरीपाशी मोगऱ्याचं झाड लावलं होतं. त्या घराची चाल अशी की मुलगी मांडवाकडे निघण्याआधी घरातला सगळ्यात मोठा माणूस तिच्या कपाळी फुलांचं बाशिंग बांधतो. पोर लहान असताना तिला खांद्यावर घेऊन तो त्या झाडापाशी न्यायचा आणि सांगायचा की ह्याच्या कळ्यांचं बाशिंग मी तुला बांधीन. ती विचारायची, कधी? तो म्हणायचा, तू मला सोडून जाशील तेव्हा.

प्रतीक्षाचं जमलं बार्शीटाकळीच्या चंदनशी. मुलगा अकोल्याला ट्रॅक्टरच्या दुकानात, घर भाजीपाल्याचंच, सगळं जोडीचं. अडचण एकच होती, आणि ती दोन्ही घरांना ठाऊक होती.

चंदनचा बाप रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. चंदन तेव्हा पाळण्यात होता. पहाटेचा ट्रक, मोटारसायकल, आणि त्याच रस्त्याने भगवंत फुलांची पोती घेऊन अकोल्याच्या बाजारात चाललेला. जमलेले लोक लांब उभे होते. भगवंतने गाडी थांबवली, अंगावरचा शेला काढला आणि त्या तरण्या माणसाला झाकलं. पंचनामा, दवाखाना, सगळं होईस्तोवर तो तिथंच बसून राहिला. फुलं पोत्यात सडली. मग प्रेताबरोबर बार्शीटाकळीला गेला आणि त्या परक्या अंगणात, कोणी न सांगता, त्यानेच ताटी बांधली. मेलेल्या पोराचा बाप, म्हणजे चंदनचा आजा डोमाजी, ओट्यावर बसून होता. त्याला त्या दिवसातलं दुसरं काही आठवत नाही. आपल्या मुलाच्या छातीवर सुतळी आवळणारे दोन हात तेवढे आठवतात.

आता तेच हात त्याच्या नातसुनेच्या कपाळी बाशिंग बांधणार होते.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी पानसुपारी झाली, साडीचोळी झाली, आणि डोमाजीने सगळ्यांदेखत भगवंतला समोर बसवलं. आवाज चढवला नाही.

“भगवंतभाऊ, तुमी माह्या पोराचं केलं, ते कोनी करत नाही. पन तुमचे हात पाह्यले का मले तोच दिसते. मांडवात मले तो नाही पाहाचा. लग्नापावतर मयतीले जाऊ नका. हात मोकळे होऊ द्या. मंग बांधा बाशिंग.”

कोणालाच ही मागणी जड वाटली नाही. पार्बताबाईने मान डोलावली. मनोजने बापाच्या वतीने हो म्हणूनही टाकलं. भगवंत आपल्या तळहातांकडे पाहत होता. “बरं,” तो म्हणाला.

गावात ही बातमी पसरली तेव्हा लोकांनी त्याचीही गंमत केली. यमाने सुटी घेतली म्हणाले. आता मरायला हरकत नाही, कोणी न्यायलाच येणार नाही म्हणाले. दैव असं की हिवाळाभर गावात कोणी गेलं नाही. भगवंतने मोगऱ्याला शेणखत घातलं, छाटणी केली. तो रोज हात राखेने घासायचा. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या.

शेजारच्या सुंदराबाईबद्दल आधीच सांगायला हवं होतं. दोन घरांच्या मध्ये छातीइतकी भिंत, आणि भिंतीपलीकडे ती. मनोज जन्मला तेव्हा पार्बताबाई तापाने फणफणलेली होती; मनोजला अंगावर पाजलं ते सुंदराबाईने. तिच्या माहेरी कोणी उरलं नव्हतं, म्हणून ती भगवंतला राखी बांधायची आणि तिचा मुलगा शुभम त्याला मामा म्हणायचा. ती विधवा होती, तोंडाने तिखट, आणि गावात ती एकटीच अशी होती की भगवंतला ओट्यावर बसवून स्वतःच्या कपात चहा द्यायची. बाई गेली की तिच्या अंगावर माहेरची साडी पडते. तिचं माहेर म्हणजे भगवंतच. तिने त्याला भिंतीवरून कितीदा तरी बजावलं होतं, “भाऊ, साडी तूच आनजो अन् ताटी तूच बांधजो. दुसऱ्यानं बांधली तं उठून बसीन मी.”

“तू उठून बसली तं मी पयले पळीन,” तो म्हणायचा.

चैत्र सरत आला होता. लग्नपत्रिका वाटून झाल्या होत्या, मोगऱ्याला कळ्या धरल्या होत्या. एका सकाळी सुंदराबाई चुलीपाशीच कलंडली. शुभम भिंतीपाशी आला. आवाज दिला नाही, नुसता उभा राहिला. भगवंत अंगणात फुलं निवडत होता. त्याने वर पाहिलं आणि त्याला कळलं.

“मामा, आई गेली.”

भगवंत उठला. मांडीवरची फुलं खाली सांडली. त्याचं तोंड उघडलं, आणि ज्या वाक्याची शुभम वाट पाहत होता ते वाक्य भगवंतच्या ओठापर्यंत आलेलं त्याला दिसलं. मागून मनोज म्हणाला, बाबा, विचार करा. पार्बताबाई म्हणाली की मी जाते, तुम्ही बसा, एका माणसाने काही अडत नाही. त्यांचं भगवंतने ऐकलं नसतं. तो त्यांच्याकडे पाहतही नव्हता. पण प्रतीक्षा दारात आली. तिच्या हातात लग्नाच्या बांगड्यांचा डबा होता.

“आबा,” ती म्हणाली, “नका जाऊ.”

भगवंत खाली बसला.

साडी त्याने पेटीत आणून ठेवलेली होती, कधीची. हिरव्या काठाची. ती पार्बताबाईने भिंतीवरून पलीकडे दिली. शुभमने घेतली आणि आत नेली. मग भिंतीपलीकडून बांबू टाकल्याचा आवाज आला, सुतळीचं बंडल कुठंय म्हणून कोणी विचारलं, कोणी म्हणालं असं नाही तसं. भगवंत भिंतीला पाठ लावून बसला होता. पलीकडची प्रत्येक गाठ त्याला ऐकू येत होती. एकदा त्याचा हात उठला आणि त्याने हवेतच सुतळीचा फेरा दिला, बोटांनी, कोणी न पाहता. पार्बताबाईने पाहिलं. तिने त्याचा हात धरून खाली दाबला.

बांधणारी पोरं मनाने चांगली होती. त्यांनी जोर लावून बांधलं, आणि नुसत्या जोराने बांधलेली गाठ उतारावर सरकते. नाल्याचा उतार गावाने भगवंतच्या भरवशावर कधी मोजलाच नव्हता. विसाव्याच्या जागी पोचायच्या आधीच मागचा आडवा बांबू निसटला. सुंदराबाई एका कुशीवर घसरली आणि रस्त्यावर पडली. तिचा हात माहेरच्या साडीतून बाहेर आला आणि धुळीत उताणा झाला. कोणी जवळ गेलं नाही. अंगाला हात लावायची गावाला सवयच उरली नव्हती. तिच्या मुलाने मडकं खाली ठेवलं, आईला लहान पोरासारखं दोन्ही हातांवर घेतलं आणि उरलेला रस्ता तो तसाच चालला. लोक मागून येत होते आणि भगवंतला शिव्या देत होते. ज्याला आजपर्यंत अशुभ म्हणाले त्याच्यावर आज ते रागावले होते, तो आला नाही म्हणून.

तेराव्यानंतर शुभम भगवंतच्या दारात आला. आत आला नाही.

“आई पडली रस्त्यात,” तो म्हणाला. “तुमी नव्हते म्हून सांगाले आलो.”

एवढंच सांगून तो गेला.

वैशाखात लग्न उभं राहिलं. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत लोखंडी पाइपांचा मंडप, झालरी, कूलर. भगवंतने पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडल्या, ओल्या फडक्यात ठेवल्या, आणि एकटा बसून बाशिंग गुंफलं. दोन लडी, मध्ये एक झेंडूचं लहान फूल. शेवटची गाठ त्याने आपल्या मांडवाची मारली, म्हणजे पोरीने मान कितीही हलवली तरी सुटणार नाही. नवं धोतर नेसला. सुपात ते बाशिंग घेऊन तो मंडपामागच्या खोलीशी गेला, जिथं प्रतीक्षाला तयार करत होते.

दाराशी खुर्ची टाकून डोमाजी बसला होता. मनोज त्याच्या बाजूला उभा होता.

भगवंतने सूप जरा पुढे केलं. “डोमाजीभाऊ, मयतीले गेलो नाही. हात मोकळे हायेत.”

डोमाजीने ते हात पाहिले. मग त्याने विचारलं की तुमच्या भिंतीपलीकडची ती बाई, तिने मनोजला पाजलं होतं म्हणतात, ते खरं का? भगवंतने मान हलवली. आणि ती रस्त्यात पडली, तेही खरं? भगवंतने पुन्हा मान हलवली.

“माह्या पोराले तुमी ओळखत बी नव्हते,” डोमाजी म्हणाला. “कोनी बलावलं नव्हतं, तरी आले. त्या मानसाचा मले धाक वाटे, भगवंतभाऊ. पन मान होता. मले वाटलं होतं, घरचं कोनी गेलं तं तुमी माह्या बोलन्याले लाथ मारून जासान. तुमी तं बसून राहिले.” त्याने खुर्ची दाराच्या मधोमध सरकवली. “हे हात मले नाही पाह्यजे पोरीच्या कपाळाले.”

भगवंतने मनोजकडे पाहिलं. मनोज म्हणाला की बाबा, आता मुहूर्ताची वेळ आहे, विषय वाढवू नका, मागे जेवणाच्या बाजूला बसा. करिश्मा आतून आली, तिने सासऱ्याच्या हातातलं सूप पाहिलं, आणि म्हणाली की अकोल्याहून मोत्यांचं बाशिंग आणलंच आहे, फोटोत तेच चांगलं दिसतं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पडदा हलला तेव्हा आत प्रतीक्षा दिसली. तिच्या कपाळावर मोत्यांच्या लडी आधीच बांधलेल्या होत्या. तिने आजोबाला पाहिलं. तिचे ओठ हलले. तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, ताई, इकडं पाहा, हनुवटी खाली. तिने हनुवटी खाली घेतली.

भगवंत सूप घेऊन मागे फिरला. जेवणाच्या बाजूने गेला तर बसस्टँडवरची पोरं पंगतीत होती. त्यातल्या एकाने सवयीने विचारलं, “कोन गेलं, भगवंतभाऊ?” बाकीची हसली. तो पंगतीमागून तसाच बाहेर पडला.

त्या दिवसानंतर तो गावाला दिसला नाही. रिद्धपूरला कोणाला तरी तसा माणूस दिसला म्हणतात, अकोल्याच्या फूलबाजारात दिसला असंही म्हणतात. मनोज चार ठिकाणी विचारून आला आणि मग दुकान उघडून बसला. गावाने वर्गणी करून लोखंडी ताटी आणली आहे. तिला गाठ लागत नाही, पट्टे आहेत. विहिरीपाशी मोगरा फुलतो, आणि मनोज त्या कळ्या आता आतल्या ढिगात टाकतो.

भगवंतला जाताना पाहिलं ते शुभमने. आईचं वर्ष व्हायचं होतं म्हणून तो लग्नाला गेला नव्हता, ओट्यावर बसून होता. मंडपात मंगलाष्टकं सुरू झालेली ऐकू येत होती. भगवंत गल्लीतून आला, आपल्या घरापाशी थांबला नाही. सुंदराबाईच्या ओट्यासमोर त्याने पाय थांबवले. सूप छातीशी धरलेलं, कळ्या उन्हाने पिवळ्या पडायला लागलेल्या. तो वाट पाहत होता की काय, कोण जाणे. शुभमच्या हातात आईचा कप होता. मामा, चहा घ्या, एवढं म्हणायला फारसा दम लागत नाही. शुभम म्हणाला नाही.

भगवंत नाल्याकडे वळला. उतारावर सुंदराबाई पडली होती त्या जागी तो वाकला, रस्त्याला हात लावला, आणि सूप तिथंच ठेवून पुढे गेला. तीच लांब टांग, तीच चाल, फक्त या खेपेला त्याला बोलावणारं घर पुढे नव्हतं. बाभळीच्या वळणापर्यंत शुभम त्याच्या पाठीकडे पाहत राहिला. मग त्याने चहा संपवला आणि कप विसळायला आत गेला.